म्हणणे मांडण्याची मुदत

आमच्या घराच्या आणि शेजारच्या अप्पांच्या घराच्या मधे एक बोळ आहे. लहानपणी मी त्या बोळातून दोन्ही हात पसरून विमानासारखा पळत असे. हल्ली मला त्यातून खेकड्यासारखे तिरके जावे लागते. मधल्या काळात बोळ लहान झाला की मी मोठा झालो, हा प्रश्न २०१६ सालापासून दिवाणी न्यायालयासमोर आहे.

माझे स्वतःचे मत बरीच वर्षे असे होते, की मी मोठा झालो. एक तर बँकेतल्या कारकुनाची नोकरी बैठी. त्यात आमच्या धाराशिवचे गुलाबजाम. शिवाय बोळ अरुंद वाटायला लागला तो २००६ साली, आणि नेमके त्याच वर्षी माझे लग्न झाले. लग्नानंतर जग थोडे अरुंद वाटतेच, म्हणून मी त्याची वेगळी दखल घेतली नाही. लग्नाला पाहुणे येणार म्हणून आमच्या अण्णांनी त्या वर्षी न्हाणीघर मोठे करून घेतले होते, ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. अप्पा विसरले नव्हते.

पण विसरले नव्हते तरी बोलले नाहीत. जागेचा ताबा मागायला कायद्याने बारा वर्षे दिलेली आहेत. अप्पा त्यातली दहा वर्षे गप्प बसले. रोज संध्याकाळी ते आणि अण्णा आमच्या ओट्यावर बसून पावसाची वाट पाहत असत. (आमच्या जिल्ह्यात हा बारमाही उद्योग आहे.) ओट्यावरच्या माणसाला कोर्टात ओढायचे नाही, असा त्यांचा हिशेब असावा. अण्णा २०१५ साली गेले. वर्षश्राद्ध झाले, अप्पा जेवून गेले, आणि पुढच्याच महिन्यात माझ्या नावाने समन्स आले. बेलिफ सही घेऊन गेल्यावर बोळाच्या टोकाशी अप्पा उभे दिसले. म्हणाले, "बाळ, मनावर घेऊ नको. दोनच वर्षं राहिली होती."

वाचकांपैकी ज्यांच्यावर अजून कोणी दावा लावलेला नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने आपली लेखी कैफियत द्यायची असते. न्यायाधीशांनी कारण लिहून मुदत वाढवली, तर फार तर नव्वद. मी दिवसभर खिडकीत बसून लोकांना "आज शेवटची तारीख होती, काल का आला नाहीत?" असे विचारणारा माणूस. मला नव्वद दिवस म्हणजे चैन वाटली. वकीलसाहेबांनी एकच कागद मागितला होता. अण्णांनी १९८७ साली जागेची मोजणी करून घेतली होती, तिचा नकाशा. सरकारी दप्तरातली प्रत जीर्ण झालेली, आणि घडीवर फाटली होती ती नेमकी आमच्या बोळापाशी. आमची प्रत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती. मी ती खाली काढली, धूळ झटकली, आणि न उघडता परत वर ठेवली. आज डोळे चुरचुरतायत, उद्या बघू. असे साठ-सत्तर उद्या झाले.

शेवटी एक्क्याण्णवावा दिवस उजाडला आणि 'प्रतिवादीच्या कैफियतीशिवाय दावा चालवावा' असा हुकूम झाला. म्हणजे वादीने बोलायचे आणि आपण मान हलवत बसायचे. मला ही स्थिती घरच्या सवयीने फारशी नवी नव्हती, पण वकीलसाहेब म्हणाले, घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगून ठेवले आहे, की साध्या दिवाणी दाव्यात ही नव्वद दिवसांची मर्यादा वाट दाखवण्यासाठी आहे, मान कापण्यासाठी नाही. तसेच कारण असेल तर न्यायालय पुढेही कैफियत घेऊ शकते. तुमचे भांडण व्यापारी असते तर मात्र २०१५ सालच्या कायद्याने एकशेवीस दिवसांनंतर दार बंद म्हणजे बंद. न्हाणीघर हा व्यापार नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानले.

विलंब माफीच्या अर्जात वकीलसाहेबांनी कारण लिहिले, 'प्रतिवादीची प्रकृती ठीक नसल्याने.' त्या तीन महिन्यांत मला एकदा सर्दी झाली होती, हे खरे आहे. अर्जाच्या दिवशी अप्पांचे वकील हरकत घ्यायला उठले. अप्पांनी मागून त्यांच्या कोटाची बाही ओढली, कानात काहीतरी सांगितले, आणि ते खाली बसले. पाचशे रुपये कॉस्ट भरून माझी कैफियत दाखल झाली. नकाशा तिला जोडलेला नव्हता. बाहेर चहाच्या टपरीवर अप्पांनी माझे पैसे दिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "सर्दी बरी झाली का रे?"

त्यानंतर दावा आपल्या गतीने चालू लागला. मधेच करोना आला. न्यायालयांची दारे अर्धीमुर्धी बंद झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळून टाकला. साऱ्या देशातल्या उशीर करणाऱ्यांना एका फटक्यात माफी! जवळजवळ दोन वर्षे कॅलेंडरात होती पण कायद्यात नव्हती. (त्या दोन वर्षांत आमचे वय मात्र वाढले. त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, ते कोणी सांगितले नाही.) २०२३ साली तर गावाचेही नाव बदलले. दावा लावला तेव्हा वादी-प्रतिवादी दोघेही राहणार उस्मानाबाद होते, आता राहणार धाराशिव झाले. माणसे तीच, बोळ तोच, दाव्याचा नंबरही तोच.

आणि त्याच वर्षी ती तारीख आली.

आदल्या रविवारी काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. अप्पा त्यांना घेऊन सोलापूरला गेले. गाडी बोळात शिरेना म्हणून काकूंना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत न्यावे लागले, आणि खुर्चीची एक बाजू मी धरली होती. आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्याशी खुर्ची अडली. ती तिरकी करावी लागली. काकू कळवळल्या. हे सगळे मला ठाऊक होते, एवढेच मला सांगायचे आहे.

तारखेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात हजर. अप्पांचे वकील तुळजापूरच्या कोर्टात दुसऱ्या कामात अडकलेले. शिपायाने पुकारा केला. वादी हजर हो! कोणी आले नाही. दुपारी पुन्हा केला. वकीलसाहेब उठून म्हणाले, "प्रतिवादी हजर आहेत." न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. 'साहेब, वादीच्या मंडळींचं हाड मोडलंय, ते सोलापूरला आहेत' हे वाक्य म्हणायला किती वेळ लागतो, ते मी नंतर घड्याळ लावून पाहिले. सहा सेकंद. मला तिथे निदान दहा मिळाले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. वादीच्या गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्यात आला.

घरी आलो. सौ. म्हणाली, "काय झालं?"

"जिंकलो."

"असे कसे? अप्पा काय म्हणाले?"

"अप्पा नव्हते."

"नसणारच. ते सोलापूरला आहेत. तुम्ही सांगितलं नाही का तसं?"

"कोर्टात विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

"घरात तरी कुठे विचारल्यावर बोलता?" असे म्हणून ती आत गेली. मी पेढे आणले होते. ते दोन दिवसांनी मुंग्यांनी खाल्ले.

आता कायदा काय म्हणतो? दावा असा निघाला की त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. तीस दिवसांत अर्ज करून, पुरेसे कारण दाखवून, जुनाच उठवून घ्यावा लागतो. तीस दिवस गेले की आधी उशिराची माफी मागायची, मग दाव्याची. म्हणजे माफीसाठी माफी. मी रोज बँकेत तारखेचा शिक्का फिरवताना मनात एकेक दिवस मोजत होतो. अप्पा आले नाहीत. त्यांना कोणी कळवलेच नव्हते. ते सोलापूरला काकूंच्या उशाशी बसून होते. तिसावा दिवस रविवारी आला. कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी केलेला अर्ज मुदतीतच धरतात, म्हणून मी सोमवारही मोजला. मंगळवारी मला हलके वाटायला हवे होते. पित्त झाले.

तेव्हापासून मी मुदत या विषयावर विचार करू लागलो. बँकेतल्या माणसाला तो नवा नाही. आमची आजी म्हणायची, कुणाचं देणं ठेवलंस तर सात जन्म फेडशील. मी बँकेत लागलो तेव्हा कळले, की साध्या कर्जाला सात जन्म नसतात, तीन वर्षे असतात. तीन वर्षांत कर्जदाराने काही भरले नाही, की कागद टाइम-बार. समोरच्याने हा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने दावा फेटाळलाच पाहिजे, असे १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्याचे तिसरे कलम सांगते. त्यामुळे तीन वर्षे भरत आली, की आमचे साहेब मोटारसायकलवर मला मागे बसवून कळंब-परंड्याकडच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत. काम एकच, 'एवढी बाकी मला मान्य आहे' या कागदावर सही किंवा अंगठा. मुदतीत सही मिळाली, की घड्याळ पुन्हा शून्यापासून. लोक चहा पाजून सही करत. बिचाऱ्यांना वाटे, साहेब विचारपूस करायला आले.

ही युक्ती आमच्या बँकेची नाही, फार जुनी आहे. इंग्रजांनी १८५९ साली कर्जखतांना अशीच तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. सावकाराने व्याजाचा डोंगर चढू देऊ नये, वेळेवर मोकळे व्हावे. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेतले. जुने मुद्दल अधिक जुने व्याज, हे नवे मुद्दल. मग दावा. कुणबी कोर्टात येईना. कोर्ट लांब, दिवस पेरणीचे, कागद वाचता येत नाही, आणि समन्स पोचलेच असेल अशीही खात्री नाही. निकाल एकतर्फी. बैलजोडी लिलावात निघाली तेव्हा कळायचे, की आपल्यावर दावा झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते बाहेर काढून जाळली. लोण नगर जिल्ह्यात पसरले. मग १८७९ साली कायदा झाला, की न्यायाधीशाने नुसते खत बघू नये, खताच्या मागे जाऊन मूळचा व्यवहार तपासावा. त्या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी काम केले. आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, तेव्हा रानडे आमच्या वाट्याला आले नाहीत. आमच्याकडचे व्याज निवांत वाढत राहिले.

हे वाचून मला पहिल्यांदा जाणवले, की मुदत सगळ्यांना सारखीच असते, पण कॅलेंडर सगळ्यांच्या घरात नसते. सुप्यात ते सावकाराकडे होते. आमच्या बोळात ते माझ्याकडे होते.

तरी मुदतच नको, असेही म्हणवत नाही. उद्या कोणी येऊन म्हणाला, की तुमच्या पणजोबांनी माझ्या पणजोबांची म्हैस नेली, तर मी काय करू? म्हैस मेली, साक्षीदार मेले, दूधही पचून गेले. माणसाला कधीतरी निर्धास्त झोप मिळालीच पाहिजे. याज्ञवल्क्य स्मृतीतसुद्धा सांगितले आहे, की आपली जमीन दुसरा वापरतो आहे हे डोळ्यांनी बघत मालक वीस वर्षे गप्प बसला, तर त्याची ती गेली. इतर धनाला दहाच वर्षे. ही स्मृती मी मोठ्या आशेने सौ.ला ऐकवली. ती म्हणाली, "वीस ना? मग अप्पांनी दहाव्याच वर्षी तोंड उघडलं की." शास्त्राधार नेहमी पूर्ण बघून मगच घरात काढावा.

याहून मला छळले ते १९५८ सालच्या एका निकालाने. मुंबईच्या एका गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की मुदत संपली म्हणजे दावा लावता येत नाही इतकेच. देणे काही नाहीसे होत नाही. म्हणजे कर्ज जिवंतच असते, फक्त त्याची वाचा जाते. एकदा भूमकडचे एक म्हातारे गृहस्थ आमच्या खिडकीशी आले. त्यांचे कर्ज केव्हाच टाइम-बार होऊन वहीतून निघून गेले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यातून नोटा काढल्या आणि म्हणाले, "पोरीचं लगीन झालं, आता तुमचं घ्या." मी म्हणालो, "आजोबा, आता बँक तुमच्याकडून हे वसूल करू शकत नाही." ते म्हणाले, "तुमी कुटं वसूल करायलाव? म्या देयालोय." ते पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे, हे शोधण्यात माझा दीड तास गेला. मागे रांग लागली. रांगेतले लोक त्या म्हाताऱ्यालाच शिव्या घालत होते.

अप्पांचा अर्ज आला तो एकेचाळीस दिवस उशिरा. काकूंना घेऊन परत आल्यावर ते पुढची तारीख विचारायला कोर्टात गेले, तेव्हा त्यांना कळले की पुढची तारीखच उरलेली नाही. आता यावर माझे म्हणणे मागवले होते. वकील मंडळी त्याला 'से' म्हणतात. वकीलसाहेबांचा तो तयारच होता. 'प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा केलेला नाही, सबब अर्ज नामंजूर व्हावा.' मी विचारले, प्रत्येक दिवसाचा? वकीलसाहेब प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, "तसं लिहायची पद्धत आहे. पण १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, हे इतकं शब्दशः घ्यायचं नाही. मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का मागत नाही? तिथं तर सरकारलाच अपिलाला चार दिवस उशीर झाला होता, आणि माफ झाला. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असंही १९८१ सालचं आहे. पण आपण लिहायचं. न लिहिलं तर आपण मान्य केलं असं होईल."

सेकंदाचा शब्द निघाल्यावर मला ते दहा सेकंद आठवले. सरकारला चार दिवस माफ, मला एका सर्दीवर तीन महिने माफ, आणि मोडलेल्या खुब्याच्या एकेचाळीस दिवसांचा खुलासा मी मागणार! 'हरकत नाही' असे दोन शब्द लिहिले की संपले. पण ते दोन शब्द लिहिणे म्हणजे न्हाणीघर गमावण्याची निम्मी तयारी. अण्णांनी बांधलेली भिंत अण्णांच्याच मुलाने पाडायची? आणि अण्णा चुकले होते असे मी कुठे म्हणतो? मी तर नकाशा उघडूनही पाहिला नव्हता. मी वकीलसाहेबांना म्हणालो, "कागद घरी नेतो, वाचून सही करतो." तो मी स्कूटरच्या डिकीत ठेवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दोन तारखा मी मागून घेतल्या. दर रविवारी गाडी धुताना मी डिकी उघडी आणि बंद करी. सही केली तर मी नीच, 'हरकत नाही' लिहिले तर मी बावळट, असा पेच पडलेला असताना करण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि आम्ही नोकरदार लोक ती फार चांगली करतो. ती मी केली.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी रोजनाम्यात लिहिले, 'प्रतिवादीचे म्हणणे नाही.' अर्ज मंजूर झाला, उशीर माफ झाला, पुढे दावाही उठला. वकीलसाहेब माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी अप्पा आले, स्टीलच्या डब्यात गुलाबजाम घेऊन. काकू काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या, हे बोळातून दिसत होते. अप्पा अण्णांच्या जागेवर ओट्यावर बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकील म्हणत होते, हा हरकत घेणारच. मी म्हटलं, नाही घेणार. अण्णाचा पोरगा आहे."

मी सांगणार होतो. अप्पा, मी काही सोडले नाही, माझ्या हातून मुदत चुकली, एवढेच. हेही वाक्य सहा सेकंदांचेच होते. पण अप्पांनी डब्याचे झाकण काढून पहिला गुलाबजाम माझ्या हातावर ठेवला होता, आणि तोंडात गुलाबजाम असताना बोलता येत नाही.

अप्पा गेल्यावर सौ.ने डबा घासून पुसून ठेवला. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. ती म्हणाली, "यात काय घालून देऊ? साखर?"

मी माळ्यावर चढायला स्टूल शोधत होतो. म्हणालो, "थांब जरा."